अनारचं पूर्ण नाव

११ मे, रविवार

जुईने आज मला कामाला लावलं. घरात स्वतःचं ताट उचलून ठेवत नाही ही सतरा वर्षांची बाई, पण शिंजुकु स्टेशनबाहेर फलक धरून तीन तास उभी राहिली. 'अफगाणिस्तानात मुलींची शाळा सहावीनंतर बंद' असं जपानीत लिहिलेला फलक. लोक थांबून वाचतात म्हणे, मान लववतात आणि ट्रेन पकडायला जातात. तरी आज दोनशे सह्या मिळाल्या.

येताना ती पलवशाला घेऊन आली. पलवशा वीस वर्षांची, पेशावरला जन्मलेली काबुलची मुलगी. तिच्या वडिलांचा चिबाच्या पलीकडे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा धंदा आहे. आठवड्यातून दोनदा ती, जुई आणि जुईच्या दोन मैत्रिणी मिळून तिकडच्या अकरा मुलींचा ऑनलाइन वर्ग चालवतात. गणित शिकवणारा कॉलेजचा मुलगा नोकरी शोधायला लागला आणि सुटला.

"आई, मॅथ्स टीचर पाहिजे. अर्जंट. तू फ्री असतेस ना?"

फ्री! अठरा वर्षं ठाण्यात मुलींच्या शाळेत गणित शिकवलं मी. अंबरीषची बँकेतली तीन वर्षांची बदली दहा वर्षांवर लांबली आणि मी टोकियोच्या वेशीवर ग्योतोकुत बसून कचऱ्याचं वर्गीकरण शिकले. मनातल्या मनात हो म्हणायला मी एक सेकंदही घेतला नाही. वर तोंडदेखलं "बघते" म्हटलं.

पलवशाने नियम सांगितले. कॅमेरा बंद. खरी नावं नाहीत. रेकॉर्डिंग नाही. कुणाशी वेगळं बोलायचं नाही. काही लिहून ठेवायचं नाही. हे तिने हिंदीत सांगितलं, मग इंग्रजीत, मग जाताना बूट घालता घालता पुन्हा हिंदीत. मी म्हटलं, बाळ, शिक्षिकेला एकदा सांगितलं की कळतं. ती हसली नाही.

(ही वही मराठीत आहे आणि कपड्यांच्या कपाटात असते. ती काही त्या नियमात बसत नाही.)

१५ मे, गुरुवार

पहिला तास. आपले संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिकडे दुपारचे तीन. सोमवार आणि गुरुवार. शुक्रवारी नाही, त्या दिवशी पुरुष घरी असतात.

अकरा काळे चौकोन. पलवशाने सगळ्यांना सुक्यामेव्याची आणि फळांची नावं दिली आहेत. बदाम, पिस्ता, अंजीर, तूत, अनार... हजेरी घ्यायची म्हणजे वाण्याची यादी वाचल्यासारखं वाटतं. मी तसं म्हटलं तर पलवशाने भाषांतर केलं आणि पाच-सहा जणी एकदम खुदकन हसल्या. बस, तेवढ्या हसण्यावर मी जिंकले गेले.

मुलीच्या कपाळावरची आठी बघून कुठे अडलंय ते मला कळायचं. इथे काळ्या चौकोनाला काय विचारणार? मागे कोंबडी ओरडते, कुणीतरी दार वाजवतं की लगेच माईक बंद. मग मिनिटभर नुसती शांतता आणि मी खडू नसलेला हात हवेत धरून बसलेली.

अनार नावाची मुलगी हिंदी बोलते! मालिका बघून शिकली. "मॅडम जी, ये तो अन्याय है," म्हणाली, मी जादा गणितं दिली तेव्हा.

२९ मे, गुरुवार

अनार सोळा वर्षांची आहे. शाळेत शेवटची बसली तेव्हा सहावीत होती. मधली वर्षं भावाच्या जुन्या पुस्तकांवर काढली. आज प्रमेयाची सिद्धता तिने माझ्यापेक्षा दोन ओळी आधी संपवली आणि मग गप्प बसून राहिली, मला वाईट वाटू नये म्हणून. हे तास संपल्यावर माझ्या लक्षात आलं.

अशी मुलगी अठरा वर्षांत मला दोनदा भेटली. एक आता आयआयटीत शिकवते.

तिला माझा नंबर दिला. नियमाच्या बाहेर आहे, माहीत आहे. पण शंका काय सोमवार-गुरुवार बघून येतात? ती सोडवलेल्या गणितांचे फोटो पाठवते. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने, बारीक आणि स्वच्छ. खाली इंग्रजी लिपीत हिंदी, 'मॅडम जी, गलती हो तो डाँटना.'

जुईला सांगितलं नाही. ती नियमांच्या बाबतीत अगदी जपानी झाली आहे.

९ जून, सोमवार

परीक्षा घेतली. अनारला पन्नासपैकी एकोणपन्नास. एक गुण मी उगाचच कापला, आकृतीला नाव दिलं नव्हतं म्हणून.

आमच्या शाळेत पहिल्या आलेल्या मुलीला प्रशस्तिपत्रक मिळायचं. वळणदार अक्षरात, मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. नाव पूर्ण नसेल तर आमच्या मुख्याध्यापिका बाई सही करायच्या नाहीत. धुणीभांडी करणाऱ्या बायका ते पत्रक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गावी न्यायच्या. आणि ही मुलगी? चार वर्षांत हिच्या नावाचा एक कागद कुणी केला नाही. 'अनार' म्हणून कुणाचा गौरव करतात का?

जुई चहा न पिताच बाहेर निघाली होती, खासदाराच्या कचेरीत सह्या द्यायला. मी सहज विचारलं, मुलींना सर्टिफिकेट द्यायला काय हरकत आहे? "आई, नो पेपर. सांगितलंय ना," म्हणाली आणि गेली. तिने नीट ऐकलंच नाही. एका कागदाने काय आभाळ कोसळतं?

अनारला तिचं पूर्ण नाव विचारलं. दहा मिनिटं उत्तर नाही. मग तिचं नाव आलं, वडिलांचं नाव आलं, आणि मी न विचारता गावाचंही. त्याखाली, 'मॅडम जी, मेरा नाम किसी ने बहुत दिन से नहीं पूछा.'

मला रडू आलं, खोटं कशाला लिहू?

१० जून, मंगळवार

सकाळी तीन कागद खराब करून चौथ्यावर जमलं. सोनेरी कडेचा कागद इथल्या शंभर येनच्या दुकानात मिळतो. इंग्रजीत तिचं पूर्ण नाव, 'गणितात सर्वप्रथम', खाली माझी सही आणि 'गणित अध्यापिका, टोकियो'. ग्योतोकु लिहिणार होते, पण तिकडे कुणाला कळणार? कोंबिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास दुकानातल्या, मशिनवर स्कॅन करून तिला पाठवलं.

तिचं खरं नाव या वहीत लिहीत नाही. तेवढा नियम मी पाळते.

१३ जून, शुक्रवार

अनारचा निरोप. तिच्या मामाने बाजारातल्या दुकानातून पत्रक छापून आणलं, वर प्लॅस्टिकही चढवून घेतलं! आईने ते आतल्या खोलीत भिंतीला लावलं. शेजारची बदाम येऊन बघून गेली.

दिवसभर मी जमिनीवर नव्हते. रात्री जेवताना अंबरीषला सांगितलं. त्याने घास हातातच ठेवला.

"दुकानदाराने वाचलं असेल ना?"

"वाचू दे की! गणितात पहिली आली म्हणून लिहिलंय, चोरी केली म्हणून नाही."

"नाही, मी आपलं विचारलं," म्हणाला आणि वरण मागितलं. बँकेतल्या माणसाला प्रत्येक कागदात धोका दिसतो. मी त्याला म्हटलंही तसं. जुई क्लासला होती. तिला सांगायचं राहिलं.

१५ जून, रविवार

जुई आज स्टेशनबाहेर पहिल्यांदा माइकवर बोलली. मी गर्दीत मागे उभी होते. जपानी मला निम्मंच कळतं, पण "एक मुलगी आहे, तिला भूमिती आवडते" एवढं कळलं. नाव नाही, गाव नाही. पोरीचा आवाज थरथरत होता, पण थांबली नाही. एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून ऐकत होते.

१९ जून, गुरुवार

अनार सोमवारी आली नव्हती, आजही नाही. बदामही नाही. नेट गेलं असेल.

२३ जून, सोमवार

नाही.

२४ जून, मंगळवार

पलवशा कामावरून थेट घरी आली. कोट काढला नाही, पाणीही घेतलं नाही. तिने तिकडच्या कुणाकडून तरी काढलेली बातमी एवढीच की अनारच्या घरी माणसं येऊन गेली. कोण, कधी, पुढे काय, काही कळत नाही. बदामच्या घरच्यांनी फोन काढून घेतला आहे.

"कुणी काही बोललं का? कुणी काही पाठवलं का?" तिने आम्हा दोघींना विचारलं.

जुई पांढरीफटक पडली. "मी बोलले. माइकवर. भूमिती म्हणाले मी. कुणीतरी व्हिडिओ काढला असेल."

मी गप्प बसले.

हे वाक्य लिहून मी दहा मिनिटं वहीकडे बघत बसले आहे. मी काय पाठवलं ते माझ्या तोंडात आलं होतं. पण ते एक साधं प्रशस्तिपत्रक. त्याचा याच्याशी संबंध असेलच असं कुठे आहे? उगाच पोरींना आणखी घाबरवायचं? संबंध नसेल. व्हिडिओच असेल.

मग मी जुईलाच दोष देते आहे की काय?

२७ जून, शुक्रवार

जुई जेवत नाही. खोलीचं दार बंद. विचारलं की जपानीत "दाइजोबु" म्हणते, म्हणजे ठीक आहे. ती खोटं बोलते तेव्हा जपानीत बोलते.

इथे पाच वाजता नगरपालिकेच्या कर्ण्यावर धून वाजते, मुलांनी आता घरी जावं म्हणून. दहा वर्षं ऐकते आहे. आज ती वाजली तेव्हा मी भाजी चिरत होते आणि एकदम वाटलं, मागे कुणीतरी माईक सुरू केला. वर्गात कुणी आलं की फोनमध्ये बारीक 'टुंग' वाजतं, तसं. वळून बघितलं. फ्रिज होता.

हे आता रोज होतं आहे. कपडे वाळत घालताना, आंघोळ करताना. कुणीतरी येतं, बोलत नाही, आणि मी उत्तराची वाट बघत उभी राहते. अंबरीषला सांगितलं तर डॉक्टरकडे नेईल.

३० जून, सोमवार

जीव भांड्यात पडला! देवा, पडला एकदाचा.

दुपारी अनारचा निरोप आला. इंग्रजीत. 'आदरणीय शिक्षिका, मी आजारी होते. आता बरी आहे. माझ्या मैत्रिणींनाही प्रमाणपत्र हवं आहे. कृपया सर्व विद्यार्थिनींची पूर्ण नावं, वडिलांच्या नावासह, पाठवावीत. एकत्र छापून घेऊ.'

बघा! बरं झालं मी त्या दिवशी तोंड उघडलं नाही. प्रशस्तिपत्रकामुळे काही झालं असतं तर पोरीने आणखी मागितली असती का? इंग्रजीही केवढं सुधारलं आहे. मी शिरा केला. जुईला म्हटलं, अनार बरी आहे असं माझं मन सांगतंय. ती माझ्याकडे बघत राहिली, पण दोन चमचे खाल्ले.

लगेच सांगणार नाही. नऊही पत्रकं तयार झाली की पलवशा आणि जुईसमोर एकदम ठेवीन. तोंडात बोटं घालतील.

संध्याकाळच्या तासाला पलवशा कामावर होती, जुई क्लासला. मुलींना मोडक्या इंग्रजीत समजावलं, आपापलं पूर्ण नाव मला पाठवा.

२ जुलै, बुधवार

नऊपैकी चौघींची नावं आली. चार पत्रकं लिहून झाली. अनारचा पुन्हा निरोप, जेवढी आहेत तेवढी पाठवा. मी कळवलं, सगळी आली की एकदमच पाठवीन. अर्धवट काम मला आवडत नाही. शाळेतही मी निम्म्या वर्गाचा निकाल कधी लावला नाही.

तूत नावाच्या मुलीने नावाऐवजी विचारलं, 'पलवशाजींना माहीत आहे का?' चौकस आहे. उत्तर द्यायचं राहिलं.

३ जुलै, गुरुवार

क्रमाने लिहिते.

सकाळी वाटलं, पोर आजारातून उठली आहे, तिला तिचा खाऊ द्यावा. गणित पाठवलं. कोणत्याही चौकोनाच्या चारही बाजूंचे मध्यबिंदू जोडले तर आत समांतरभुज चौकोन तयार होतो, सिद्ध कर. अशा गणितावर अनार मांजरीसारखी झडप घालते.

उत्तर आलं, 'नंतर. आधी नावं.'

मी लिहिलं, हिंदीत, अगं, आकृती तरी काढ.

'नावं. आणि तुमचा पत्ता. लवकर.'

मी ओट्यापाशी उभी होते. गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं आणि मी बघत राहिले. 'मॅडम जी' नव्हतं. हिंदी नव्हतं. एकाही निरोपात ती नव्हती. चार दिवस मी कुणाशी बोलत होते?

अंबरीषने घास हातात धरून जे एका वाक्यात विचारलं, ते समजायला मला तीन आठवडे लागले. आणि ते मला आधीपासून कळत नव्हतं असंही नाही. चोवीस तारखेला मी गप्प का बसले? निरागस माणूस गप्प बसत नाही.

जुई शाळेतून आली तशी तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि सगळं सांगितलं. पत्रक, मामा, दुकान, नावं. चार लिहिलेले कागद समोर ठेवले. ती खूप वेळ जपानीत काहीतरी पुटपुटत होती. मग मराठीत म्हणाली, "आई, नऊ दिवस मला वाटत होतं की मी केलं. मी रोज झोपताना तिची माफी मागत होते. आणि तू माझ्यासाठी शिरा केलास."

मला तिने मारलं असतं तर बरं झालं असतं.

चारही कागद आम्ही दोघींनी कात्रीने बारीक कापले आणि पाण्यात भिजवून लगदा केला. मुलींचे निरोप पुसले. आज तास झाला नाही.

४ जुलै, शुक्रवार

पलवशा आली. मी उभी राहूनच सांगितलं, वर्गात चूक केलेली मुलगी उभी राहते तशी. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही.

शेवटी म्हणाली, "अनुराधाजी, मी तुम्हाला नियम सांगितला, कारण नाही सांगितलं. आमच्याकडे मुलीचं नाव कुणी विचारत नाही. तुम्ही विचारलंत, मग ती देणारच होती. मीही दिलं असतं."

तिने रागवावं म्हणून मी तयार होऊन उभी होते. खुर्ची ओढून बसले.

मग तिने कामाचं सांगितलं. जुना गट बंद. नऊ मुलींना एकेकीला नव्या गटात घ्यायचं, नावं बदलायची. माझा नंबर बंद करायचा. आणि अनारचं खातं कायमचं बाहेर. ते खातं किंवा तिच्या नावाने येणारं काहीही, पुन्हा आत नाही.

"आणि ती खरंच ती असली तर?" मी विचारलं.

"तरीही नाही. बाकीच्या नऊ आहेत."

"कुणीतरी मागे उभं राहून तिच्याकडून लिहून घेत असेल. तिला वाटेल आम्ही दार लावलं."

"हो," पलवशा म्हणाली. "वाटेल."

जुईने फोन माझ्यापुढे सरकवला. "तू काढ."

काढलं. दोनदा विचारतो फोन, खात्री आहे का म्हणून. दोनदा हो म्हटलं.

मी वर्ग सोडते असं म्हणाले. पलवशाने कोट घातला. "दुसरी गणिताची बाई नाही माझ्याकडे. सोमवारी साडेसातला."

७ जुलै, सोमवार

सात जणी आल्या. दोघी आल्या नाहीत. त्या घाबरून थांबल्या की थांबवल्या गेल्या, माहीत नाही. आता नावं नद्यांची आहेत. मी अपूर्णांक शिकवले. कुणी हसलं नाही आणि मीही हसवलं नाही.

तूत होती. पलवशाशी बोलली त्या आवाजावरून ओळखलं. तिने माझ्याशी अवाक्षर काढलं नाही, पण सगळी गणितं सोडवली.

१६ जुलै, बुधवार

पलवशाने विचारलं, नंबर बंद केला का? करते म्हटलं. फोनच्या दुकानात गर्दी होती, पासपोर्ट घरी राहिला, जपानी फॉर्म कळला नाही. मी तिसरी थाप मारली तेव्हा जुईने मान वर करून बघितलं. फोन मी कपाटात वहीशेजारी ठेवते. दिवसातून किती वेळा कपाट उघडते ते लिहीत नाही.

१८ जुलै, शुक्रवार

अनोळखी नंबरावरून एक फोटो आला आहे. दुपारी सव्वादोनला.

चौकटीचा कागद, पेन्सिल, ते बारीक स्वच्छ अक्षर. मध्यबिंदूंचं गणित. आकृतीला नाव दिलं आहे, या वेळी विसरली नाही. खाली इंग्रजी लिपीत, 'मॅडम जी, मैं हूँ. अंदर आने दीजिए.'

मी जुईची वाट बघितली. एकटीने काही करायचं नाही, एवढं शिकले आहे. जुईने फोटो व्हिडिओ कॉलवर पलवशाला दाखवला आणि दोघी बराच वेळ बोलल्या. मग जुई माझ्याशेजारी येऊन बसली. चोवीस जूननंतर पहिल्यांदा इतकी जवळ.

"आई, अक्षर तिचंच आहे?"

"तिचंच."

"शेजारी कोण बसलंय ते फोटोत दिसत नाही."

"नाही."

"मग नाही ना?"

मी नाही म्हटलं. ती रडली, मराठीत, लहानपणी रडायची तशी. मी रडले नाही. मला तो हक्क आहे असं वाटत नाही. उद्या सकाळी दहाला दुकान उघडतं आणि नंबर बंद करायला ती बरोबर येणार आहे. फोटो आता पुसायचा आहे.

त्याआधी मी तो दोनदा तपासला. वर्गात मी एक कर्ण काढून सिद्धता देते. हिने दोन्ही कर्ण काढले आहेत आणि समोरासमोरच्या बाजू एकेका कर्णाला समांतर दाखवल्या आहेत. हे मी तिला शिकवलं नव्हतं. प्रत्येक पायरीला कारण दिलं आहे. कुठेही एक गुण कापायला जागा नाही. उत्तर बरोबर आहे, आणि ते मी तिला सांगणार नाही.